माळ्यावरची बंदूक, भागोजी नाईक आणि संग्राहकाचा परवाना

पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या तालुक्याचा आहे आणि कुणाच्या तरी घरातला आहे, म्हणून सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.

दरवर्षी खंडेनवमी झाली की मला एकाच प्रकारचे चार-दोन फोन येतात. "सर, आमच्या वाड्यात एक जुनी बंदूक आहे. आजोबांच्याही आधीची म्हणतात. पूजेला काढतो आणि परत गुंडाळून ठेवतो. हिचं काय करायचं? परवाना काढावा का? संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो म्हणतात, तो घेतला तर फायदा की डोकेदुखी?" मी वकील नाही. गावोगावच्या वीरगळांच्या, वाड्यांच्या, जुन्या कागदांच्या नोंदी ठेवणारा माणूस आहे. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. कारण हा प्रश्न फक्त आजच्या फॉर्मचा नाही. बंदूक घरात ठेवायला सरकारची परवानगी लागते, ही गोष्ट आपल्याकडे कधी आणि कशी आली, याची एक फार मोठी घटना आपल्याच तालुक्यात घडली आहे. तिथूनच सुरू करतो.

नांदूर शिंगोटे. पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव, आपण शेकडो वेळा तिथून गेलो असू. इथले भागोजी नाईक हे भिल्ल समाजाचे पुढारी. नाशिक जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्यांची हकीकत दिलेली आहे. ते आधी अहमदनगरच्या पोलिसांत अधिकारी होते. १८५५ साली दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वागणुकीचा जामीन मागितला गेला. ते वर्ष संपतं न संपतं तोच १८५७ उजाडलं आणि सरकारनं सरसकट हत्यारं काढून घ्यायचा हुकूम काढला. गॅझेटियर स्वच्छ सांगतं की या हत्यारबंदीच्या हुकुमामुळे भागोजींनी गाव सोडलं. पन्नासेक माणसं त्यांना येऊन मिळाली आणि गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता नजरेच्या टप्प्यात राहील अशा जागी ते जाऊन बसले.

ऑक्टोबर १८५७ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्याला आला. सिन्नर आणि संगमनेरचे मामलेदारही तिथं पोचले. चकमक झाली आणि हेन्री मारला गेला. त्यानंतर दोन वर्षं हा सगळा डोंगरपट्टा, अकोल्यापासून सिन्नरपर्यंत, धगधगत राहिला. शेवटी ११ नोव्हेंबर १८५९ रोजी आपल्याच तालुक्यातल्या मिठसागरे इथं फ्रँक सूटरच्या पोलिसांनी भागोजींना वेढलं आणि ते व त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले. हाच सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, विसंगतीच आहे. एकीकडे सरकार गावागावातून हत्यारं गोळा करत होतं आणि त्याच काळात कॅप्टन नटालच्या हाताखाली कोळी लोकांची पलटण उभी करून त्यांच्या हातात सरकारी हत्यारं देत होतं. म्हणजे प्रश्न 'हत्यार वाईट की चांगलं' हा नव्हताच. प्रश्न 'कुणाच्या हातात' हा होता. सरकारचा ज्याच्यावर विश्वास, त्याच्याकडे हत्यार. बाकीच्यांनी आणून जमा करावं.

हाच विचार मग कायद्यात उतरला. १८५७ चा २८ वा कायदा, त्याच्यामागून १८६० चा ३१ वा कायदा आणि शेवटी व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा. लिटननं त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा गळा आवळणारा कायदाही आणला, हे लक्षात ठेवा. १८७८ च्या व्यवस्थेत हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला मात्र सूट. अपमान होता तो इथं. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि पुढेही ही तक्रार चालूच राहिली. पुढे १९२० च्या नियमांत वंशाचा हा उघड भेद काढला गेला, पण परवाना राहिला.

याच्या बरोबर उलटं उदाहरण कर्नाटकातल्या कोडगूचं. कोडव लोकांनी इंग्रजांना साथ दिली म्हणून १८६१ मध्ये त्यांना हत्यारबंदीतून सूट मिळाली. ती सूट आजही आहे! केंद्र सरकारनं ती अलीकडे २०२९ पर्यंत वाढवली. तिथं कैलपोढ सणाला बंदुकांची उघड पूजा होते, फोटो काढतात, नेमबाजीच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे मात्र खंडेनवमीला बंदूक बाहेर काढताना आधी दार लावून घेतात. दोन्हीकडे शस्त्रपूजा आहे, दोन्हीकडे जुन्या बंदुका आहेत. फरक पडला तो १८५७ ते १८६१ या चार-पाच वर्षांत कोण कुठल्या बाजूला होतं यामुळे. दीडशे वर्षांपूर्वीचा विश्वास-अविश्वास अजून आपल्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला आहे.

आणखी एक घटना आपल्या जिल्ह्याची, तीही सगळ्यांना माहीत असलेली. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. वापरलं गेलेलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्या पिस्तुलांपैकी होतं. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. यानंतर नाशिक जिल्ह्यात कुणाच्याही घरातलं हत्यार म्हणजे संशय, हे समीकरण किती घट्ट झालं असेल याची कल्पना करा. आणि लक्षात घ्या, ज्या कलेक्टरच्या पदावरचा माणूस मारला गेला, त्याच पदाकडे शस्त्र परवान्याचे अधिकार होते. आजही नाशिक ग्रामीणमध्ये परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारीच आहेत.

स्वातंत्र्यानंतर तरी हे बदललं का? १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. माझं स्वतःचं मत विचाराल तर बाबासाहेबांचंच बरोबर होतं. १९४८ साली, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, कुणाच्याही हातात बंदुकीचा घटनात्मक हक्क देणं म्हणजे आगीशी खेळ झाला असता. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि आज आपण त्याच कायद्याखाली आहोत.

म्हणजे सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. भारतात बंदूक ठेवणं हा हक्क नाही, ती परवानगी आहे. अमेरिकेतले व्हिडिओ बघून "माझी वस्तू, माझं घर, कोण विचारणार" असं म्हणणाऱ्या तरुण मित्रांनी हे नीट डोक्यात घ्यावं. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. बंदी असलेल्या प्रकारातलं हत्यार असेल तर त्याहून खूपच जास्त. तलवारीलाही नियम आहेत. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, घरकाम-शेतीची अवजारं सोडून, नियमांच्या यादीत येतात. ऑनलाइन तलवार मागवून वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांना पोलीस उचलतात ते यामुळेच.

आता मूळ प्रश्न. जुन्या, वारशाच्या किंवा संग्रहाच्या बंदुकीसाठी आज कोणत्या वाटा आहेत?

पहिली वाट: कायद्याच्या बाहेर पडलेली वस्तू. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट पद्धतीची, पुरातन मूल्याची किंवा मोडकी अशी हत्यारं वगळली आहेत. पण अट वाचा. दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही जी बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी. फक्त जुनी आहे म्हणून सुटका, असं धरून चालू नका. तोड्याची किंवा ठासणीची बंदूक दोनशे वर्षं जुनी असली तरी नळी शाबूत असेल तर दारू ठासून ती उडू शकते.

दुसरी वाट: क्युरिओ. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं नियम बदलले. क्युरिओ या वर्गात मोडणारी छोटी हत्यारं घेण्यासाठी आणि जवळ ठेवण्यासाठी भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ती वापरायची, बरोबर न्यायची किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी हलवायची असतील तर परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांच्यासाठी काडतूस मिळत नाही. ही सवलत मोठी आहे. पण 'ही वस्तू क्युरिओ आहे' असं घरमालकानं म्हटल्यानं भागत नाही, ते दाखवता यायला हवं.

तिसरी वाट: वारसाचा परवाना. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारक वारल्यावर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असल्यावर ते वारसाच्या नावे करता येतं. वारसाला अर्ज, पोलीस पडताळणी, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळं करावं लागतं. आणि २०१९ पासून एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका. आधी तीन होत्या. मूळ विधेयकात तर एकच ठेवली होती, संसदेत ओरड झाल्यावर दोन झाल्या. वारशाची बंदूकही या दोनातच मोजली जाते.

लोक ज्याला 'संग्राहकाचा परवाना' म्हणतात, ते व्यवहारात या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचं मिश्रण आहे. मग तो घ्यावा की नाही? फायदे-तोटे सरळ मांडतो.

फायदे आधी.

एक, झोप शांत लागते. घरात भाऊबंदकी झाली, वाटणीत कुणी दुखावला, की पहिला निनावी अर्ज या बंदुकीवरच जातो. कागद असेल तर तो अर्ज तिथंच संपतो.

दोन, वस्तूला ओळख मिळते. परवान्यावर वर्णन येतं, देशभरच्या नोंदणीत एक विशिष्ट क्रमांक मिळतो. जुन्या वस्तूच्या किमतीत नि मोलात सगळ्यात मोठा वाटा तिच्या कागदाचा असतो. गेल्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली. सुमारे ४७ लाख रुपये मोजले. त्या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत नाव आहे. नाव नसतं तर ती एक चांगली जुनी फिरंग तलवार राहिली असती. आपल्या वाड्यांतल्या बंदुकांवर नाव नसतं, त्यांचं नाव म्हणजे त्यांची नोंद.

तीन, पुढच्या पिढीकडे सरळ जाते. कागद नसलेली वस्तू वारशानं जात नाही, गुपचूप जाते. आणि गुपचूप जाणारी गोष्ट एखाद्या पिढीत विहिरीत नाहीतर भंगारात जाते.

चार, ती लोकांना दाखवता येते. परवाना आणि नेण्याची परवानगी असेल तर शाळेच्या, तालुक्याच्या प्रदर्शनात रीतसर ठेवता येते.

आता तोटे. हे कमी नाहीत.

एक, खेटे. पोलीस ठाणे, अधीक्षक कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय. नियमांत मुदती घातलेल्या आहेत, पण सिन्नरहून नाशिकला जाणाऱ्या शेतकऱ्याचा प्रत्येक खेटा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचं पाणी भरणं बुडालं. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच.

दोन, निवडणूक आली की हत्यार जमा करा. सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करू नका, कुणाची घ्यायची ते छाननी समितीनं ठरवावं, असं न्यायालयानं सांगितलेलं आहे. तरी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपल्याकडे निवडणुका किती? दीडशे वर्षांची नाजूक लाकडी दस्त्याची बंदूक दरवेळी पोत्यात गुंडाळून न्यायची आणि आणायची, यात तिचं किती नुकसान होतं ते ज्यानं केलंय त्याला विचारा.

तीन, जबाबदारी. बंदूक चोरीला गेली, घरातल्या पोरानं खेळायला घेतली, लग्नात कुणी हौसेनं बार काढला, तर उत्तर परवानाधारकाला द्यावं लागतं. हौसेच्या गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. 'जुनीच तर होती' हे उत्तर चालत नाही.

चार, दोनाची मर्यादा. खऱ्या संग्राहकाला ही मोठीच अडचण. तोड्याची, चकमकीची, टोपीची आणि काडतुसाची अशी चार बंदुकांची रांग लावली तर बंदुकीचा सगळा इतिहास एका भिंतीवर दिसतो. पण चारही चालू स्थितीत असतील आणि क्युरिओ ठरत नसतील तर चौथी काय, तिसरीसुद्धा ठेवता येत नाही. मग लोक सोपा उपाय काढतात, नळीत भोक पाडा, कान वेल्डिंगनं बुजवा. कायदा शांत होतो, वस्तू मात्र कायमची मरते.

पाच, हे बोलायला नको वाटतं पण बोललंच पाहिजे. अर्ज करणाऱ्या माणसाकडे बघायची नजर सगळ्यांसाठी सारखी नसते. बागायतदार पाटलाच्या घरातली बंदूक 'घराण्याची शान' ठरते आणि भिल्ल किंवा ठाकर वस्तीवरच्या माणसाकडची तीच बंदूक 'शिकारीची' ठरते. १८५७ साली जो प्रश्न होता, कुणाच्या हातात, तो अजून पुरता गेलेला नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही थोडक्यात बघू, कारण त्यातून दोन धडे मिळतात. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार जुन्या आणि दुर्मिळ बंदुकांच्या संग्राहकाला स्वतंत्र परवाना मिळतो. फी तीन वर्षांना फक्त तीस डॉलर. साधारण पन्नास वर्षांहून जुन्या किंवा वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकानं प्रमाणित केलेल्या बंदुका त्यात येतात. पण अट अशी की प्रत्येक वस्तू कधी, कुणाकडून आली आणि कुणाकडे गेली याची वही ठेवायची, आणि सरकारी माणूस ती वही तपासू शकतो. मला त्या देशाचं बंदूक-प्रेम मुळीच पटत नाही, शाळांमधले गोळीबार आपण बातम्यांत बघतो. पण ती वही मात्र घेण्यासारखी आहे. परवान्याचा खरा गाभा नोंद हा आहे, हे त्यांना या एका बाबतीत कळलं.

दुसरा धडा ब्रिटनचा. तिथं शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन बंदुकीला परवाना लागत नसे. गुन्हेगारांनी याचा फायदा घेतला. जुन्या पिस्तुलांना बसतील अशी काडतुसं घरी तयार करून ती वापरली जाऊ लागली. शेवटी २०२१ मध्ये सरकारला नियम आवळावे लागले. म्हणजे 'जुनी आहे, तिला काय होतंय' हेही खरं नाही. पोलिसांची काळजी अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं.

आता एक खरा प्रसंग, नाव-गाव न सांगता. तालुक्याच्या पूर्व भागातलं शेतकरी कुटुंब. आजोबांकडे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. कायद्यात अशा बंदुकीसाठी वेगळी तरतूद आहेच. आजोबा गेले. बंदूक माळ्यावर राहिली, परवान्याचं नूतनीकरण कुणी केलं नाही. थोरल्या काकांचं म्हणणं, "अंधार पडला की नेऊन विहिरीत टाकून देऊ, कटकट मिटेल." नातवाचं म्हणणं, "आजोबांची एवढीच वस्तू राहिली, मी ठेवणार." आणि आजी म्हणाल्या, "अरे पण ही त्यांचीसुद्धा नव्हती, त्यांच्या आज्याची होती." तिघंही माझ्याकडे बघत बसले.

मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. टाकू नका. टाकली तरी गुन्हा मिटत नाही, फक्त पुरावा आणि इतिहास दोन्ही बुडतात. पण घरातही ठेवू नका. परवाना संपला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, हे कायद्याचं २१ वं कलम सांगतं. आधी वकिलाला भेटा, आजोबांचा जुना परवाना शोधा, लेखी अर्जासह रीतसर जमा करा, पोच घ्या. पोचीवर बंदुकीचं वर्णन नीट लिहून घ्या, लांबी, नळी, दस्ता, काही खूण असेल ती. मग शांतपणे वारसाचा अर्ज करायचा की वस्तुसंग्रहालयाला द्यायची ते घरात बसून ठरवा. काका आधी तयार नव्हते. "पोलीस ठाण्याची पायरी आपण होऊन कशाला चढायची?" असा त्यांचा सवाल. दीडशे वर्षांची भीती आहे ती, एका बैठकीत जात नाही. शेवटी आजींनीच निकाल लावला. बंदूक जमा झाली, पोच घरात आहे, नातवाचा अर्ज आता चालू आहे.

माझं एकंदर मत असं बनलं आहे.

बंदूक एकच असेल, चालू स्थितीत असेल, घराण्याची असेल आणि घरात ती सांभाळणारा एक जबाबदार माणूस असेल, तर वारसाचा परवाना घ्या. खेटे पडतील, पण घ्या. बंदूक गंजून, मोडून गेलेली असेल तर परवान्याच्या मागे लागायच्या आधी तज्ज्ञाकडून लेखी अभिप्राय घ्या. नाशिकला राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, तिथं विचारा. तोंडी 'काही होत नाही' यावर विसंबू नका. हत्यारं अनेक असतील, घर बंद राहत असेल, मुलं शहरात असतील, तर संग्राहक व्हायचा हट्ट सोडा आणि वस्तू संग्रहालयाला द्या. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर घासून जमवलेला संग्रह शेवटी सरकारच्या हवाली केला, म्हणून तो आज तुम्हा-आम्हाला बघायला मिळतो. जमिनीत, पायात, विहिरीच्या खोदकामात हत्यार सापडलं तर मात्र तो वेगळाच विषय. त्यासाठी निखात निधीचा कायदा आहे, तोही १८७८ चाच, आणि त्याची खबरही कलेक्टरलाच द्यायची असते. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशात विकायचा विचार कुणी डोक्यात आणू नका. १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

सरकारकडून माझी मागणी एकच आहे, आणि ती काही क्रांतिकारक नाही. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा जुन्या हत्यारांचं नोंदणी शिबिर घ्या. एका टेबलावर पोलीस, दुसऱ्यावर पुरातत्त्व विभागाचा माणूस, तिसऱ्यावर महसूलचा. आपण होऊन आलेल्या माणसावर त्या दिवशी गुन्हा नाही. फोटो, माप, कुटुंबाची हकीकत लिहून घ्या. जे धोक्याचं आहे ते जमा करा, जे क्युरिओ आहे त्याला तसा कागद द्या, जे मोलाचं आहे त्याला संग्रहालय द्या. पोलिसांचंही भलं, कारण माळ्यावरची बंदूक कुणाच्या हाती लागण्याआधी त्यांच्या नोंदीत येईल.

आपल्या माळेगाव एमआयडीसीत गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या खाजगी छंदातून उभं राहिलं, आणि लांबून लोक ते बघायला सिन्नरला येतात. आपल्याच दख्खनच्या कातळातून निघालेले दगड, पण कुणीतरी ते वेचले, नावं लावली, काचेत ठेवले, म्हणून त्यांचं मोल कळलं. आपल्याच मातीतल्या माणसांनी हाताळलेल्या बंदुकांच्या वाट्याला हे का येऊ नये? नांदूर शिंगोट्याच्या शाळेतल्या पोराला भागोजी नाईकांचं नाव माहीत असतं. पण त्या काळातली बंदूक किती जड होती, दारू ठासून, रंजक भरून, जामगी पेटवून एक बार काढायला किती वेळ जायचा, आणि तसल्या हत्यारानिशी दोन वर्षं इंग्रजांशी झुंजणं म्हणजे काय, हे वस्तू समोर असल्याशिवाय कळणार नाही.

१८५७ साली सरकारनं आपल्या लोकांना विचारलं, हत्यार कुठं आहे, आणून टाका. आज सरकारनं आणखी एक प्रश्न विचारावा, हे कुणाचं होतं, सांगा. आणि आपणही दार न लावता उत्तर द्यावं.

ज्यांच्या घरात अशी वस्तू आहे त्यांनी इथं जाहीर लिहू नका, फोटोही टाकू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, ती कुणाची, कुठून आली ते एका वहीत लिहून काढा, तारीख टाका. मग ती वही घेऊन वकिलाकडे जा.